सह्याद्रीच्या घाटपायथ्याचे हवामान आणि वर्गीकरणाचा प्रश्न : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

हवामानाचे वर्गीकरण हा पदवी स्तरावरील भूगोलाच्या अभ्यासक्रमातील जुना व स्थिरावलेला घटक होय. कोपेन व थॉर्नथ्वेट यांच्या पद्धती, त्यांतील अक्षरचिन्हे आणि जगाच्या नकाशावरील त्यांचे पट्टे विद्यार्थी पाठ करतात. या नकाशात पर्वतांच्या वाट्याला बहुधा एक वेगळे अक्षर येते. ते म्हणजे ‘एच’, अर्थात उच्च पर्वतीय हवामान. कोपेनच्या मूळ पाच मुख्य गटांत हे अक्षर नव्हते; पुढे पाठ्यपुस्तकांनी ते सोयीसाठी रूढ केले. उंचीनुसार थोड्या अंतरात तापमान, वारा व वर्षण इतके बदलते की लहान प्रमाणाच्या नकाशावर ते दाखविणे शक्य नसते, अशी त्यामागची भूमिका आहे. म्हणजे ‘एच’ हा खऱ्या अर्थाने वर्ग नसून वर्गीकरण पुढे ढकलल्याची खूण आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

सह्याद्रीला हे अक्षरही मिळत नाही. हिमालय, आल्प्स किंवा अँडीजच्या तुलनेत तो बुटका आहे. माथेरानचे पठार सुमारे ८०० मीटर उंचीवर, तर महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. तथापि, पर्वत हवामानावर जे जे परिणाम घडवितो ते सर्व येथे दिसतात, आणि काही तर उंच पर्वतांपेक्षाही ठळकपणे दिसतात. उल्हास नदीकाठचे दहिवली व त्याभोवतीचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासाला अत्यंत सोयीचे आहेत. प्रस्तुत लेखात या परिसराच्या हवामानाची घडण प्रथम मांडून, प्रचलित वर्गीकरणे तिच्यातील काय टिपतात व काय सोडून देतात याचा विचार केला आहे. भूगोलेतर विषयांच्या अध्यापकांनाही तो अनुसरता यावा म्हणून आकडेमोड जाणीवपूर्वक सोपी ठेवली आहे.

दोन भिंतींमधील खोरे

दहिवली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. त्याच्या पूर्वेस ढाक, राजमाची ते नागफणीपर्यंत सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे, तर पश्चिमेस माथेरान, प्रबळगड व इर्शाळगड ही मुख्य रांगेपासून तुटलेली डोंगररांग आहे. या दोहोंमधील सखल भागातून उल्हास उत्तरेकडे वाहते. खोपोलीजवळून निघणारी पाताळगंगा मात्र पश्चिमेस वळून समुद्राला मिळते. १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग याच मुख्य भिंतीवर चढतो. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडण्याची प्रथा ही या भिंतीच्या तीव्र चढाची रोजची साक्ष म्हणावी लागेल.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात व या भिंतीशी त्यांना वर चढावे लागते. वर चढणारी हवा प्रसरण पावते, थंड होते, बाष्पाचे सांद्रीभवन होते आणि पाऊस पडतो. हा शालेय पुस्तकांतील प्रतिरोध पाऊस. त्याचे प्रमाण पाहिल्यास चित्र असे दिसते : किनाऱ्यावरील अलिबाग येथे वर्षाला सुमारे २१०० मिलिमीटर, कर्जतच्या पायथ्याशी सुमारे ३५००, माथेरानवर सुमारे ५०००, घाटमाथ्यावर लोणावळ्यास ४००० च्या वर, आणि तेथून अवघ्या ६४ किलोमीटरवरील पुण्यात सुमारे ७२० ते ७६० मिलिमीटर. सातारा जिल्ह्यात ही उतरण अधिकच तीव्र आहे. महाबळेश्वरला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘जितकी उंची अधिक तितका पाऊस अधिक’ असे सरसकट सूत्र विद्यार्थी लिहितात. वस्तुतः पाऊस ठरतो तो उंचीने नव्हे, तर हवा किती वेगाने वर ढकलली जाते व तिच्यात बाष्प किती शिल्लक आहे यावरून. भारतीय हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी १९६६ साली मुंबई–पुणे छेदावर या प्रक्रियेचे गणिती प्रारूप मांडले. त्यात सर्वाधिक पाऊस माथ्यावर नव्हे, तर माथ्याच्या किंचित अलीकडे, वाताभिमुख उतारावर येतो असे दिसले. हिमालयातही पावसाचा कमाल पट्टा मधल्या उंचीवर असतो. त्याच्या वर हवा थंड व कोरडी होत जाते. सह्याद्रीचे वैशिष्ट्य असे की हा कमाल पट्टा नेमका कडा आणि त्याखालच्या उतारांवर येतो, आणि तेथे माणसे राहतात.

तापमानाचीही एक बाजू आहे. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस या दराने दहिवली व माथेरान यांच्यात सुमारे पाच अंशांचा फरक यावयास हवा. उन्हाळ्याच्या दुपारी तो तसा जाणवतोही. १८५० साली ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी माथेरानचे पठार पाहिले आणि पुढे तेथे गिरिस्थान वसले, ते या पाच अंशांच्या आधारावरच. पावसाळ्यात हवा बाष्पाने संपृक्त असल्याने हा फरक कमी होतो. हिवाळ्याच्या निरभ्र, शांत रात्री तर तो उलटूही शकतो. उतारावरील थंड, जड हवा खोऱ्यात उतरून साचते व पायथा माथ्यापेक्षा गार होतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. फाल्गुन-चैत्रात दख्खनवरून येणारे पूर्वेचे वारे कड्यावरून खाली उतरताना दाबाने तापतात व समुद्री वाऱ्याला उशिरापर्यंत अडवून धरतात. रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले. घाटपायथ्याची ही भट्टी ‘सागरी, सम हवामानाचे कोकण’ या वर्णनात कोठेही बसत नाही.

कोपेनच्या पद्धतीत दहिवली

व्लादिमिर कोपेन यांचे शिक्षण वनस्पतिशास्त्राच्या अंगाने झाले होते. १९०० साली त्यांनी मांडलेल्या व पुढे अनेकदा सुधारलेल्या वर्गीकरणाचा पाया, हवामानाची सीमा वनस्पतींच्या सीमेवरून ओळखावी, हा होता. सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असेल तर तो प्रदेश ‘ए’, म्हणजे उष्णकटिबंधीय. दहिवली या अटीत सहज बसते, माथेरानही बसते.

पुढची पायरी पावसाची. सर्वांत कोरड्या महिन्यात ६० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर दोन पर्याय उरतात : ‘एएम’ म्हणजे मोसमी वर्षावनाचे हवामान, आणि ‘एडब्ल्यू’ म्हणजे सव्हाना. दोहोंतील सीमा अशी काढतात : वार्षिक पावसाला २५ ने भागावे, तो भागाकार १०० मधून वजा करावा, कोरड्या महिन्याचा पाऊस या उत्तराइतका किंवा त्याहून अधिक असल्यास ‘एएम’, अन्यथा ‘एडब्ल्यू’. अलिबागसाठी २१०० भागिले २५ म्हणजे ८४, आणि सीमा १६ मिलिमीटर. तेथील कोरड्या महिन्यांत पाऊस जवळजवळ शून्य, म्हणून अलिबाग ‘एडब्ल्यू’. दहिवलीसाठी ३५०० भागिले २५ म्हणजे १४०, आणि सीमा उणे ४०! शून्य ही संख्या उणे चाळीसपेक्षा मोठी असल्याने दहिवली ‘एएम’ ठरते.

या उणे चाळीसवर क्षणभर थांबणे उचित होईल. वार्षिक पाऊस २५०० मिलिमीटरच्या पुढे गेला की सीमा शून्याखाली जाते आणि कोरडा ऋतू किती लांब आहे हा प्रश्नच गणितातून बाद होतो. दोन महिने कोरडे असोत की सात, उत्तर ‘एएम’च. कोपेन यांचा तर्क असा होता की पाऊस पुरेसा असेल तर जमीन ओली राहते आणि कोरड्या महिन्यांतही सदाहरित वन तगून राहते. मलबारात हा तर्क बऱ्याच अंशी टिकतो, कारण तेथे कोरडा ऋतू आखूड आहे. उत्तर सह्याद्रीत तो टिकत नाही. येथील कातळ बसाल्टचा आहे. त्यातील पाणी साठते ते भेगांत व झिजलेल्या थरांत, आणि उतारावरची माती पातळ आहे. जुलैत धो धो वाहणारे ओहोळ जानेवारीत आटतात. वनस्पती याची ग्वाही देतात : पायथ्याला साग-ऐनाचे पानझडी वन, आणि जांभूळ, हिरडा, अंजनीचे निमसदाहरित वन केवळ माथेरानसारख्या पठारांवर. वनस्पतींवरून सीमा आखणाऱ्या पद्धतीने वनस्पतींच्याच साक्षीला डावलावे, हे थोडे गमतीचे आहे.

याच पद्धतीने पुण्याकडे गेल्यास वेगळीच अडचण येते. पाऊस बहुतांशी उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर वार्षिक सरासरी तापमानाच्या वीस पटीत २८० मिळवून येणाऱ्या मिलिमीटरपेक्षा पाऊस कमी असल्यास प्रदेश ‘बी’, म्हणजे शुष्क गटात जातो. पुण्याचे सरासरी तापमान २५ अंश धरल्यास ही सीमा ७८० येते. पुणे तिच्या किंचित खाली, निमशुष्क स्टेपच्या उंबरठ्यावर. कर्जत ते पुणे हे लोहमार्गाने सुमारे ९२ किलोमीटरचे अंतर. एवढ्यात प्रवासी मोसमी वर्षावनातून स्टेपमध्ये पोहोचतो! महाबळेश्वरची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीचे आणि ढगांनी झाकलेल्या जुलै-ऑगस्टचे सरासरी तापमान, दोन्ही १८ अंशांच्या रेषेला अगदी लागून आहेत. सरासरीसाठी कोणती तीस वर्षे घेतली यावर ते ‘ए’ गटात राहील की ‘सी’ गटात जाईल हे ठरू शकते. हवामान तेच असून अक्षर बदलते, हे विद्यार्थ्यांस जरूर दाखवावे.

थॉर्नथ्वेट आणि गोसाँ

सी. डब्ल्यू. थॉर्नथ्वेट यांनी १९४८ साली निराळा मार्ग धरला. पाऊस किती पडला यापेक्षा, जमीन व वनस्पती मिळून किती पाणी हवेत सोडू शकतील (संभाव्य बाष्पोत्सर्जन) त्या गरजेच्या तुलनेत पाऊस किती, असा प्रश्न त्यांनी विचारला. भारतासाठी ही पद्धत व्ही. पी. सुब्रह्मण्यम यांनी १९५६ साली वापरली. विचार म्हणून ती कोपेनपेक्षा सरस आहे यात शंका नाही. दहिवलीसाठी ढोबळ गणित करू. वार्षिक पाऊस ३५०० आणि संभाव्य बाष्पोत्सर्जन १६०० मिलिमीटर मानू. जमिनीत २०० मिलिमीटर पाणी साठते असे धरल्यास उन्हाळ्यातील तूट सुमारे ८०० व पावसाळ्यातील आधिक्य २७०० येते. १९५५ च्या सुधारित सूत्रानुसार आधिक्यातून तूट वजा करून बाष्पोत्सर्जनाने भागावे व शंभराने गुणावे. उत्तर सुमारे ११९. शंभराच्या वर म्हणजे ‘अतिआर्द्र’, सर्वांत ओला वर्ग.

आता उतारावरील एखाद्या वाडीची पातळ माती घेऊ, जीत जेमतेम ५० मिलिमीटर पाणी साठते. तूट ९५० होते, आधिक्य २८५०, वजाबाकी पुन्हा १९०० आणि निर्देशांक पुन्हा ११९. याचे कारण साधे आहे : वर्षभराच्या हिशेबात आधिक्य वजा तूट म्हणजे पाऊस वजा बाष्पोत्सर्जन, साठवण त्यातून गळून जाते. म्हणजे जुलैचे पाणी एप्रिलच्या खात्यात जमा धरले जाते. मूळ १९४८ च्या सूत्रात तुटीला वेगळे वजन होते व ऋतूंतील तुटीसाठी थॉर्नथ्वेट यांनी पुढचे एक चिन्हही ठेवले आहे; परंतु नकाशे आणि पाठ्यपुस्तके पहिल्याच चिन्हावर थांबतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील ठाकूर व कातकरी वाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रिया ओहोळाच्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने पाणी भरतात व टँकरची वाट पाहतात. त्या वाड्या वर्गीकरणानुसार ‘अतिआर्द्र’ प्रदेशात असतात.

या दृष्टीने बान्यूल व गोसाँ यांनी १९५३ साली मांडलेली कसोटी मला अध्यापनासाठी अधिक उपयुक्त वाटते. ज्या महिन्याचा पाऊस (मिलिमीटर) त्या महिन्याच्या सरासरी तापमानाच्या (अंश सेल्सिअस) दुपटीपेक्षा कमी, तो महिना कोरडा. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने भारताचे वनस्पती-नकाशे याच विचाराने आखले. कर्जतसाठी नोव्हेंबर ते मे हे सात महिने कोरडे ठरतात. एका आलेखात, दोन रेषांनी, वर्षाचे दोन तुकडे दिसतात, आणि साग पान का गाळतो व वाडी पाणी का शोधते या दोहोंचे उत्तर तेथेच मिळते.

अपवाद आहे तो माणसाने घडविलेला. घाटमाथ्यावर, पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांवर टाटांनी धरणे बांधून ते पाणी नळांनी पश्चिमेस उतरविले; खोपोलीचे वीजगृह १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. वीज करून सुटलेले पाणी पाताळगंगेत आणि पेज नदीत येते. पेजेच्या पाण्यावर राजनाल्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भात उभा राहतो. माथ्याचा पावसाळा असा पायथ्याच्या उन्हाळ्यात पोहोचतो. परंतु तो नदीकाठच्या शेतापर्यंत, वरच्या वाडीपर्यंत नव्हे.

महिना आणि तास

आतापर्यंत पाहिलेली सर्व वर्गीकरणे मासिक सरासरीवर उभी आहेत. डोंगरउतारावरील धोका मात्र महिन्यांनी नव्हे, दिवसांनी व तासांनी मोजावा लागतो. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस ‘अत्यंत मुसळधार’ मानतो. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ च्या सुमारास चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्यास केवळ ७३.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वस्ती इर्शाळगडाच्या उतारावर होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. त्यापूर्वीच्या तीन दिवसांत परिसरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाल्याचे, तसेच दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत ही वाडी नसल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. याद्या करणे हेही वर्गीकरणच आहे, आणि यादीत नसणे म्हणजे धोक्यात नसणे असा अर्थ नकळत घेतला जातो.

येथे शेतकऱ्यांच्या नक्षत्रगणनेचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे पावसाळ्याचे साधारण तेरा-चौदा दिवसांचे तुकडे करतात, म्हणजे काळाचे मोजमाप महिन्याहून दुपटीने सूक्ष्म असते. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’. जुलै १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर, २००५ मधील महाड तालुक्यातील दरडी, ३० जुलै २०१४ चे माळीण, २०२१ चे तळीये ही सर्व पुष्यातील, तर इर्शाळवाडी पुष्याच्या तोंडावरील. नक्षत्राचा यात काही प्रताप नाही. जूनपासून सहा आठवडे मुरलेल्या पाण्याने मातीची पोकळी भरून गेलेली असते. तिच्यात आणखी पाणी धरण्याची जागा उरत नाही, खालच्या कातळावरील पकड सैल होते, आणि त्यावर दोन-तीन दिवस अखंड मुसळधार पाऊस झाला की उतार सुटतो. तोच पाऊस मृगात झाला असता तर बराचसा मुरून गेला असता. म्हणून धोका ओळखताना आजचा पाऊस आणि मागील पंधरवड्याचा पाऊस हे दोन्ही लागतात. मासिक सरासरीत दोन्ही हरवतात.

प्रशासकीय विभागणीचाही येथे परिणाम होतो. हवामान विभागाच्या रचनेत रायगड कोकणात व लोणावळा मध्य महाराष्ट्रात येते. सीमा नेमकी कड्यावर. अलीकडच्या वर्षांत पुणे, सातारा, कोल्हापूर व नाशिक या जिल्ह्यांच्या घाटक्षेत्रासाठी इशारे स्वतंत्रपणे दिले जातात. रायगडचा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो : अलिबागचा किनारा व इर्शाळगडाचा उतार यांना एकच रंग. कृषिहवामान विभागणीत तर महाराष्ट्राच्या नऊ विभागांपैकी ठाणे-रायगड ‘उत्तर कोकण किनारपट्टी’त मोडतात, आणि घाट विभाग हा कड्यापलीकडचा अरुंद पट्टा धरला जातो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने दिलेले ‘कर्जत’ वाण खोऱ्यातील खाचरांसाठी योग्य आहेत; वरकस उतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्याचे हवामान मात्र या पट्ट्यांपैकी कोणत्याही नावात येत नाही.

महाविद्यालयीन स्तरावर यात काय करता येईल, याविषयी एक सूचना करावीशी वाटते. पदवीच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी दूरच्या शहरांची आकडेवारी घेऊन हवामान-आलेख काढतात. त्याऐवजी खोरे, मधला उतार आणि पठार अशा तीन उंचींवर साधे पर्जन्यमापक बसवून जून ते ऑक्टोबर रोज सकाळी साडेआठला नोंद घेतल्यास, आणि त्या नोंदीसोबत मागील पंधरा दिवसांची बेरीज लिहीत गेल्यास, एका पावसाळ्यात या परिसराविषयी जे कळेल ते कोणत्याही जागतिक नकाशावरून कळणारे नाही. पर्जन्यमापक स्वस्त आहे. नोंद ठेवणारा माणूस मात्र त्याच वाडीतला असावा, कारण ज्या दिवशी नोंदीची खरी गरज असते त्या दिवशी खालून वर जाणारी वाट बंद असते.